असे निदर्शनास आले

जऊळका (रेल्वे), जिल्हा अकोला
रविवार, दि. ११ जानेवारी १९७६

आदरणीय मामाजी पुंजाजी,

आपल्याला आणि मामीजी रुख्मिणीबाईंना जावई देवमन सरकटे याचा मनापासून जयभीम. सासऱ्याला पत्र लिहिताना मायना 'तीर्थरूप' असा घालावा, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. पण सन छप्पननंतर 'तीर्थबिर्थ आता नोको' असे आपणच बजावल्यामुळे 'आदरणीय' लिहिले आहे. आदर तेवढाच समजावा, कमी नाही.

इकडे सर्वजण ठीक आहेत. सर्वजण म्हणजे मी एकटाच आहे, त्यामुळे चौकशीचे काम सोपे आहे. आपला गुडघा थंडीत धरतो, तो आता कसा आहे? मागे आपण डावा म्हणाला होतात आणि आपल्या आळीतला खेमा सांगतो की उजवा, तेव्हा दोन्ही धरत असतील तर दोन्ही कळवावेत. मामीजींचा खोकला गेला का? शेळी व्याली का, आणि पाठ झाली की बोकड? हे प्रश्न मी मागच्या दोन पत्रांतही विचारले होते आणि दोन्हींना उत्तर आले नाही. शेळी एवढे दिवस थांबणार नाही, म्हणजे उत्तर न येण्याचे कारण शेळी नसावी.

आता पत्र वाचण्याविषयी थोडे. मामाजी, आपल्याला अक्षरओळख नाही आणि मामीजींनाही नाही, यात लाजण्यासारखे काही नाही, ज्यांनी येऊ दिली नाही त्यांनी लाजावे. पण त्यामुळे हे पत्र आपल्याला वाचून दाखवील असे माणूस सध्या आपल्या घरात एकच आहे, आणि ते कोण हे आपण दोघेही जाणतो. तीन आठवड्यांपूर्वी ते माणूस माझ्या घरात होते. त्या वाचणाऱ्या व्यक्तीस मागच्या पत्रांप्रमाणेच विनंती, की जिथे जिथे कंस येतील तिथला मजकूर मोठ्याने वाचू नये. मामाजींना तो कंटाळवाणा वाटेल, कारण तो प्रयोगासंबंधी नाही. (बरी आहेस ना? खोकल्याचे निमित्त करून जरा थांब आणि हा कंस मनात वाच. तू गेल्यापासून घरात कोणी मला 'ऐकून राह्यले काय?' असे विचारलेले नाही, त्यामुळे मी काही ऐकतही नाही.)

मुख्य विषयाकडे येतो. माझा प्रयोग पाहायला अमरावतीहून एक प्राध्यापक येत्या वीस तारखेला येणार आहेत, सकाळच्या गाडीने. एवढा मोठा माणूस जऊळक्याच्या स्टेशनवर शास्त्रासाठी उतरणार, ही गोष्ट लहान नाही. आजवर या स्टेशनवर साहेब उतरले ते एक तर तपासणीसाठी, नाहीतर चुकून. पण प्रयोग बंद आहे. तो का बंद आहे हे सांगण्यासाठी आधी प्रयोग काय आहे ते सांगितले पाहिजे.

आपण आषाढात इथे आला होतात तेव्हा तो मांडलेलाच होता. चार फूट लांबीची काचेची नळी, अंगठ्याएवढी जाड. तिचे एक टोक स्टोवर तापणाऱ्या पाण्याच्या पितळी गंजात, दुसरे गार पाण्याच्या बादलीत. बादलीकडच्या टोकाला सायकलचा पंप जोडलेला, आणि पंपाचा दांडा आपल्या कन्येच्या शिलाई मशीनच्या चाकाला. पायडल मारले की नळीतले पाणी चार बोटे पुढे जाते आणि चार बोटे मागे येते. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दिवसभर पायडल मारले तरी गंजातला थेंब बादलीत जात नाही. याला शास्त्रात आवर्ती प्रवाह म्हणतात. कचेरीत गेलेला माणूस या खिडकीवरून त्या खिडकीवर आणि त्या खिडकीवरून या खिडकीवर फिरतो, तसाच हा प्रकार आहे. आपण पाटावर बसून अर्धा तास पाहत राहिलात, मग बादलीत बोट घातलेत आणि म्हणालात, "जवाईबापू, पानी तं जाग्यावरच हाये, मंग गर्मी इकडं कशी येऊन राह्यली?" मामाजी, मी बी.एस्सी. आहे. हाच प्रश्न नेमका मांडायला मला एक वर्ष लागले, आणि आपण तो विडी पेटवता पेटवता मांडलात.

त्याचे उत्तर त्या वेळी मी दिले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते. आता आहे. पाणी स्थिर ठेवले तर अर्ध्या तासात बादली जेमतेम एका अंशाने तापते. तेच पाणी मिनिटाला बेचाळीस वेळा पुढेमागे केले तर नऊ अंशांनी. नळीच्या मधोमध पोटॅशचा, म्हणजे विहिरीत टाकतात त्या औषधाचा, जांभळा थेंब सोडला असता असे निदर्शनास आले, की मधला रंग पुढे पळतो आणि काचेला लागलेला रंग जागीच थांबतो. सगळी गंमत इथे आहे. मधले ऊन पाणी पुढे येते, कडेच्या गार पाण्याला ऊब देते आणि मागे फिरते. पुढच्या खेपेला पलीकडचे पाणी ती ऊब उचलते आणि आणखी पुढे नेऊन ठेवते. बहात्तरच्या दुष्काळात आपण तलावाच्या कामावर होतात, तेव्हा माणसांची रांग लागायची आणि मातीची घमेली हातोहात वर जायची. माणूस आपली जागा सोडत नसे, तरी माती बांधावर पोचायची. तसेच हे आहे. (वर मी 'निदर्शनास आले' असे लिहिले, तिथे तू थांबली असशील आणि तुझी भुवई कुठवर चढली असेल ते मला इथे बसून दिसते. त्या गोष्टीबद्दल शेवटी लिहितो. आत्ता धीर होत नाही.)

नळी अकोल्याची. ती गाडीतून आणताना फुटू नये म्हणून आम्ही गोधडीत गुंडाळली होती आणि आपल्या कन्येने मांडीवर आडवी घेतली होती. अर्ध्या वाटेपर्यंत समोरच्या बाकावरची एक बाई मायेने पाहत होती. शेवटी तिने विचारले, "किती मयन्याचं हाये व बाई?" आपल्या कन्येने गंभीरपणे सांगितले, "आजच आनलं. रडत नाई, पन पानी लय लागते त्याले." त्या बाईने गोधडीवर हात फिरवला, हाताला कडक काच लागली, आणि पुढच्या स्टेशनवर ती दुसऱ्या डब्यात गेली. (आपण दोघे त्या दिवशी जेवढे हसलो तेवढे मी नंतर हसलेलो नाही.)

आता अडचणींकडे वळतो. पहिली अडचण मराठी भाषेची. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कोणीतरी विचारले, मास्तर, घरात एवढी खटखट कशाची चालते? मी ऐटीत सांगितले, उष्णतेवर संशोधन चालू आहे. आपल्या भागात उष्णता कशाला म्हणतात हे मी जन्मभर याच मातीत राहून त्या क्षणी विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रंगूबाई ओसरीवर हजर. "मास्तर, माह्या तोंडात उष्णतेनं फोड आले. भाकर खाल्ल्या जात नाई. तुमी उष्णतेवर औषिध काढून राह्यले म्हनते, मले बी द्या." मी त्यांना समजावून सांगितले की ही उष्णता निराळी, ती उष्णता निराळी. त्या म्हणाल्या, "उष्णतेत बी जाती असते काय, मास्तर?" (तू आत मशीनवर तोंडात पदर कोंबून हसत होतीस. त्या दिवशीच्या नोंदीत बेचाळीसऐवजी अडतीस ठोके आहेत. मी ती नोंद खोडलेली नाही.)

दुपारपर्यंत अकरा माणसे झाली. कोणाच्या तळव्यांची आग, कोणाचे डोळे लाल, कोणाला लघवीला जळजळ. आमच्या शाळेचा शिपाई गोविंदसिंग स्वतःच्या टाचा दाखवायला आला, आणि मी त्याला गुलकंद खा म्हटल्यावर रागावला. "गुलकंदच खाचा होता तं सरकारी नळी कायले आनली?" नळी सरकारी नाही, माझ्या पगारातली आहे, हे त्याला पटले नाही. काचेची एवढी लांब वस्तू सरकारशिवाय कोण घेणार, असे त्याचे मत. लोक निराश होऊन गेले आणि प्रकरण मिटले असे मला वाटले.

त्यानंतर पाणी कमी होऊ लागले. संध्याकाळी मी जांभळे पाणी मोजून झाकून ठेवावे आणि सकाळी त्यात तांब्याभर तूट असावी. मी शास्त्राचा माणूस, त्यामुळे साधे कारण मला सुचलेच नाही. मी हवेतला कोरडेपणा मोजला, वाऱ्याची दिशा लिहिली, वऱ्हाडातील बाष्पीभवन या विषयावर तीन पाने गणित केले, आणि शेवटी असा निष्कर्ष काढला की जऊळक्याच्या हवेत काहीतरी विशेष आहे. तो निष्कर्ष मी शाळेत विज्ञान मंडळापुढे वाचूनही दाखवला. त्याच आठवड्यात कुंपणाशी रंगूबाई गुळण्या करताना दिसल्या. गुळणी जांभळी होती. आपली कन्या रोज सकाळी तांब्याभर पाणी कुंपणावरून वाटत होती. विचारले तर म्हणाली, "पोटॅशच्या गुळन्यानं तोंड बरं होते. मंगरूळले नर्सबाई देत होती. तुमच्या नळीत ते नुसतं हालूनच राह्यलं होतं, म्हनून म्या कामाले लावलं." रंगूबाईंचे तोंड तीन दिवसांत बरे झाले. मामाजी, गावात माझी जी काही शास्त्रज्ञ म्हणून कीर्ती आहे, ती सगळी त्या गुळण्यांवर उभी आहे. बाष्पीभवनाची तीन पाने मी फाडून बंबात घातली, आणि पाणी त्यांच्यावर मात्र खरोखर तापले.

हे असे बरे चालले होते. एकाच पायडलवर गावाचे झंपरही शिवून व्हायचे आणि शास्त्रही पुढे जायचे. मग डिसेंबरात आपल्या गुडघ्याने उचल खाल्ली आणि आपली कन्या सेवेसाठी आपल्याकडे आली. (गुडघ्याचे नाव मी मामाजींच्या समाधानासाठी लिहिले आहे. पिशवी भरताना तू गुडघ्याबद्दल एक शब्दही बोलली नव्हतीस.) पहिले दोन दिवस मला काही वाटले नाही. शाळेची दोन थर्मामीटरे, नळी, गंज, मशीन, सगळे जागच्या जागी होते. तिसऱ्या दिवशी पायडलवर पाय ठेवला आणि कळले की प्रयोगातली एक वस्तू मंगरूळपीरला गेली आहे.

मामाजी, पायडल कोणीही मारील असे मला वाटत होते. आधी मी स्वतःच बसलो. पण मी थर्मामीटरकडे बघत पायडल मारतो, पारा चढू लागला की आनंदाने माझा पाय जोरात चालतो, आणि पारा थांबला की चिंतेने पाय थांबतो. अशा प्रयोगातून पाण्याविषयी काही कळत नाही, माझ्या स्वभावाविषयी कळते. मग गोविंदसिंगाला बसवले. त्याचा पाय पलटणीतला. त्याने मिनिटाला नव्वद ठोके असे मारले की पंप उडाला आणि पाण्याची चिळकांडी थेट भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली गेली. फोटो वाचला. पट्टा तुटला. तो नवा आणून मी रंगूबाईंना विनंती केली, जुनी ओळख आणि बरे झालेले तोंड म्हणून. त्यांचा पाय चांगला आहे, पण त्यांचा पाय आणि जीभ एका वेळी चालत नाहीत. दर चार ठोक्यांनंतर त्यांना गावातली एखादी गोष्ट आठवायची आणि पाणी जागच्या जागी उभे राहायचे. बरे झालेले तोंड ही शास्त्राला किती मोठी बाधा आहे, हे मला तेव्हा कळले.

बादली चार अंशांच्या वर काही गेली नाही. नऊ अंश हा आकडा फक्त एकाच पायाला येतो. मिनिटाला बेचाळीस ठोके, सकाळी बेचाळीस, भाकरी थापून आल्यावर बेचाळीस, माझ्यावर रागावलेली असताना बेचाळीस. घड्याळाशिवाय. मी याचे कधी नवल केले नाही. घरात चाक फिरत असले की त्याचा आवाज येतो, आणि येणारच, असे मी धरून चाललो होतो.

रामीबाई दोनदा येऊन गेल्या. त्यांचे झंपर मशीनवर अर्धे शिवलेले आहे आणि त्यांच्या भाचीचे लग्न तोंडावर आहे. मी म्हटले, मीच बाही लावून देतो, यंत्र मला चांगले समजते. बाही लागली. फक्त ती झंपराला न लागता माझ्या सदऱ्याच्या पुढच्या टोकाला लागली, आणि मला मशीनपासून सोडवायला रामीबाईंना कात्री घ्यावी लागली. त्या जाताना म्हणाल्या, "मास्तर, बाईले आना. तुमच्यानं हे होत नाई." मी म्हटले, प्रयोगासाठी आणायचेच आहे. त्यांनी कात्री मशीनवर ठेवली आणि गेल्या.

(संध्याकाळी शाळेतून आलो की मी कुलूप उघडतो आणि दारात जरा उभा राहतो. ऐकतो. मग आत जातो. भाकरी जमत नाही, पण ती गोष्ट सोड, मी खिचडीवर जगतो आहे. चहा दोन कप होतो. कमी पाणी घातले तरी दोनच कप होतो, हात ऐकत नाही. दुसरा कप मी मशीनवर ठेवतो, तो गार होतो, मग गार पितो. एकदा नुसताच पायडलवर पाय ठेवून बसलो होतो, पंप न जोडता, सुई न ओवता. रंगूबाई कुंपणावरून ओरडल्या, "आली काय व विजयमाला?" आणि मला त्यांना नाही म्हणून सांगावे लागले.)

मला करमत नाही. हे वाक्य कंसाबाहेर कसे पडले ते कळत नाही, पण शाईने लिहिले आहे, राहू द्यावे.

तर मामाजी, एकंदर परिस्थिती अशी आहे. वीस तारखेला प्राध्यापक येतील, आणि त्यांच्यापुढे नऊ अंश दाखवता आले नाहीत तर जऊळक्याचे, आपल्या समाजाचे आणि विज्ञानाचे नाव खाली जाईल. आपला गुडघा, डावा किंवा उजवा, थोडा उतरला असल्यास आपल्या कन्येस अठरा तारखेपर्यंत पाठवून द्यावे, ही शास्त्राच्या वतीने विनंती. बस वाशीमला बदलावी लागते. मी वाशीमला येऊन उभा राहीन, कोणत्या बसने ते कळवले नाही तरी चालेल, सगळ्या बसगाड्या पाहीन.

मामीजींना खोकल्यासाठी ज्येष्ठमध पाठवला आहे, तो चघळावा. शेळीस पाला ओला घालू नये.

आपला,
देवमन

ता. क. मामाजी, पत्र पाकिटात घातले होते, ते परत काढले. प्राध्यापक येणार नाहीत. त्यांचे पत्र ३१ डिसेंबरलाच आले आहे, कामामुळे जमत नाही, अहवाल तेवढा टपालाने पाठवा म्हणून. वीस तारखेला सकाळच्या गाडीने कोणीही उतरणार नाही. मी एवढी चार पाने त्यांच्या नावावर लिहिली, कारण जावयाने सासऱ्याला 'मला बायकोशिवाय करमत नाही' असे सरळ लिहायचा रिवाज आपल्याकडे नाही. बाकी नळी, गुळण्या आणि सदऱ्याची बाही सगळे खरे आहे.

ता. क. दुसरा. पत्र खेमाच्या हाती देणार होतो. आपल्याला माहीतच आहे, तो इथे रेल्वेत गँगमन आहे आणि रविवारी मंगरूळला घरी येतो. पाकीट हातात घेऊन तो म्हणाला, "मास्तर, हे बी बाबूसिंगच वाचीन ना?" मी विचारले, कोण बाबूसिंग? तो म्हणाला, पानठेलेवाला. माझी दोन्ही पत्रे त्यानेच वाचली म्हणे, आपल्या ओसरीवर, आळीतल्या पंधरा-वीस माणसांपुढे. आपल्या कन्येने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, "त्याइचं पत्र मी वाचनार नाई. तुमी कोनाकडून बी वाचून घ्या." आणि बाबूसिंगने कंस वाचले का, हे मी विचारण्याआधीच खेमा म्हणाला, "बाबूसिंग म्हनते, कंसातलंच खरं पत्र हाये, बाकी नुसतं पानीच पानी." म्हणजे मी मागच्या पत्रांत कंसात जे जे लिहिले ते आता सगळ्या आळीला पाठ आहे. पुढच्या वेळी मंगरूळच्या स्टँडवर मी तोंड कसे दाखवू हा एक प्रश्नच आहे. पण मामाजी, या पत्रातले कंस मी खोडत नाही. बाबूसिंगजी, आपल्यालाही नमस्कार. वाचा.

ता. क. तिसरा. खेमाला मी अर्धा तास थांबवून ठेवले आहे आणि तो ओसरीवर माझा दुसरा कप पितो आहे. त्याला मी शेवटचे विचारले, पत्र वाचताना ती कुठे असते? तो म्हणाला, दाराच्या मागे, सुपात तांदूळ घेऊन. निवडत नाही, नुसती हात घालून बसते. आणि दोन्ही वेळा वाचून झाले तेव्हा आतून एकच प्रश्न आला, "एवढंच लिवलं?"

मी दोन्ही पत्रांत कितीतरी लिहिले होते. खिचडी, चहा, कुलूप, सगळे होते. तरी एवढंच.

मामाजी, आपली कन्या गुडघ्यासाठी आलेली नाही. डिसेंबरात मी प्रयोगाचा अहवाल लिहून काढला आणि मोठ्या अभिमानाने तिला वाचायला दिला. त्यात होते, 'यंत्रास नियमित गती देण्यात आली.' त्यात होते, 'रंग कडेस थांबतो असे निदर्शनास आले.' तिने तो दोनदा वाचला आणि विचारले, "देन्यात आली म्हंजे कोनं देल्ली? अन् निदर्शनास आलं, ते कोनाच्या?" मी म्हणालो, शास्त्रात असेच लिहितात, शास्त्रात माणसाला जागा नसते. ती म्हणाली, "मंग खाली तुमचं नाव कायले हाये?" मी आवाज चढवला. सकाळच्या बसने ती गेली.

जे खरे आहे ते असे. मी दोन वर्षे थर्मामीटरकडे पाहत होतो. नळीकडे तिने पाहिले. भाद्रपदात एका दुपारी बाही लावता लावता ती म्हणाली, "अवो, पाहा तं, रंग मधातून पयते अन् कडेले चिपकून राह्यते. म्हनून गर्मी पुढं जाते काय?" मी तिला म्हणालो, ठोका चुकवू नकोस. आठ दिवसांनी तेच मी वहीत माझ्या अक्षरात लिहिले, आणि लिहिताना मला ते माझेच वाटले. इतके माझे वाटले, की आज या पत्रातही आपल्याला सांगताना मी पुन्हा तेच केले.

सोबत अहवालाची नवी प्रत जोडली आहे. ती आत्ता, खेमाच्या समोर लिहिली, त्यामुळे अक्षर बरे नाही. त्यात लिहिले आहे: 'यंत्र विजयमाला सरकटे हिने पायाने चालवले. ठोके तिनेच मोजले. रंग मधून पळतो आणि कडेस थांबतो, व त्यामुळेच ऊब पुढे जाते, हे तिने पाहिले आणि सांगितले. देवमन सरकटे याने ते आठ दिवस उशिरा ऐकले.' अमरावतीचे प्राध्यापक म्हणतील की शास्त्रात असे लिहीत नाहीत. म्हणू द्या. खाली दोन सह्यांची जागा आहे आणि वरची रिकामी आहे. तिने सही केली तर प्रत अमरावतीला जाईल. नाही केली तर प्रत तिच्याजवळच राहू द्यावी, माझ्या एकट्याच्या नावाने मी ती पाठवणार नाही. तिने इकडे यावे की नाही हे ती ठरवील, मी त्यासाठी प्राध्यापक, गुडघा किंवा शास्त्र यांपैकी कोणालाही मध्ये घालत नाही. माझी मागणी सहीची आहे.

बाबूसिंगजी, हा शेवटचा भाग सावकाश वाचा, आणि लोकांकडे नको, दाराकडे तोंड करून वाचा.